एका एकराची तूर अन् शाळेतलं पातळ वरण



तूर फुलावर आहे. मधे दोन-तीन दिवस ढगाळ होतं, त्यामुळं फुलगळ दिसते अन् शेंड्यावर अळीची अंडी दिसायला लागली. पाच टक्के निंबोळी अर्क मारला, पक्षीथांबे रोवले. हरभरा चांगला उगवला. सोयाबीनचं विचारू नका. अर्धं सप्टेंबरच्या पावसानं नेलं, उरलं त्याचा २०२५-२६ चा हमीभाव कागदावर ५३२८ अन् बाजारात चार हजाराच्या आसपास. त्याच्यावर मागे लिहून झालं. आज शेताच्या बांधावरून शाळेकडं पाहून लिहितो. काही जणांना राग येईल. येऊ द्या.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो. पोरगा-सून संभाजीनगरला कामाला, नात आमच्याजवळ, दुसरीत शिकते. म्हणून पालक म्हणून मला शाळा व्यवस्थापन समितीत घेतलं. शाळेत एक चव रजिस्टर असतं. पोरांना वाढायच्या आधी शिक्षकानं अन् पालकानं अन्न चाखायचं अन् सही करायची, असा नियम आहे. चांगला नियम आहे. मी काय केलं? जुलै महिन्यात पेरणी-डवरणीच्या गडबडीत एक दिवस शाळेत गेलो अन् मागच्या बारा दिवसांच्या बारा सह्या एकदम ठोकल्या. न चाखता. "चव चांगली" असं बारा वेळा लिहिलं. सर म्हणाले, "भाऊ, रजिस्टर पूर्ण पाहिजे." मी पूर्ण करून दिलं.

मग दिवाळीच्या आधी एक दिवस नात जेवायला बसली अन् आजीला म्हणाली, "आजी, शाळेतल्या वरनात डायच नसते. नुसतं पिवळं पानी असते." माझ्याकडं पाहून म्हणाली नाही, पण घास माझ्याच घशात अडकला.

दुसऱ्या दिवशी गेलो. या वेळी घरचा तराजू घेऊन गेलो, आपण भाजी विकायला वापरतो तो. शाळेत पहिली ते पाचवीची ८६ पोरं. सरकारी नियमानं पहिली ते पाचवीच्या एका पोराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी अन् ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीला तांदूळ १५०, डाळ ३०, भाजी ७५. म्हणजे आमच्या शाळेत रोज डाळ पाहिजे एक किलो ७२० ग्रॅम. त्या दिवशी गंजात पडणार होती ८५० ग्रॅम. अर्धी.

आता लगेच कोणी "चोर" म्हणून उडी मारू नका. मी पण मनात तेच धरून गेलो होतो. सरांनी कोठी उघडून दाखवली. तांदळाचे कट्टे होते, डाळ तळाला आली होती. पुढचा माल यायला उशीर झाला होता, कधी येईल कोणी सांगेना. सर म्हणाले, "एकदम शिजवली तर चार दिवसांत संपते, मग पुढं नुसता भात वाढू का? म्हणून पुरवून पुरवून वापरतो. मागे खिशातले पैसे घालून डाळ आणली, ते बिल सहा महिन्यांनी निघालं." सर खोटं बोलत नव्हते. शिकवायचं सोडून हा माणूस रोज किती पोरं जेवली ते मोबाईलवर भरतो, वरून डाळीची विवंचना करतो.

पण हिशोब पोराच्या ताटातून पाहा. पाचवीपर्यंतच्या पोराला या जेवणातून ४५० कॅलरी अन् १२ ग्रॅम प्रथिनं मिळावी असं योजनेत लिहिलं आहे. १०० ग्रॅम तांदळात सात-एक ग्रॅम, २० ग्रॅम डाळीत साडेचार ग्रॅम. कशीबशी बेरीज जमते. डाळ अर्धी झाली की पोट भाताने भरतं, पण अंगाला लागणारा जिन्नस कमी पडतो. वासराला नुसता कडबा टाकून ढेप बंद केली तर वासरू मरत नाही, वाढायचं थांबतं. हे आपल्याला सांगायला डॉक्टर लागत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली ३५ लेकरं वयाच्या मानानं बुटकी निघाली. तीच लेकरं पुढं आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊन बसतात.

घरी आल्यावर वहीवर एक हिशोब मांडला, तो तुम्हीही मांडून पाहा. रोज १७२० ग्रॅम, शाळेचे दिवस सरासरी २०० धरा. वर्षाची डाळ ३४४ किलो. ताटात रोज तूरच नसते, मूग-मटकी-हरभराही असतो, पण सोपं जावं म्हणून सगळी तूर धरली. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल तूर काही फार मोठं पीक नाही. पाच क्विंटलची दाल मिलमधे साडेतीन क्विंटल डाळ होते.

म्हणजे आमच्या शाळेच्या ८६ पोरांची वर्षाची सगळी डाळ फक्त एका एकरात पिकते. आमच्या शिवारात तूर किती एकर आहे ते तुम्हाला सांगायला नको. शाळेच्या भिंतीला लागूनच तुरीचं वावर आहे. पोरं खिडकीतून तुरीची फुलं पाहतात अन् ताटात पिवळं पाणी खातात. आपली तूर मेहकर-चिखलीच्या अडतीवर जाते, तिथून कुठल्या कुठं जाते, मग कोणत्या तरी ठेक्यातून डाळ होऊन परत आपल्याच शाळेत येते, ती पण उशिरा. याला कोणी शहाणपणा म्हणत असेल तर मी दहावीच शिकलो हे बरं झालं.

सोयाबीनचं त्याहून वाईट. आपल्या सोयाबीनचं तेल काढून जी ढेप उरते ती कोंबडीखाद्यात जाते. चांगली प्रथिनाची ढेप. कोंबडी आपलं सोयाबीन खाते अन् अंडं देते. ते अंडं मात्र आपल्या पोराच्या ताटात येत नाही.

अंड्याची कथा माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २०२३ मधे राज्य सरकारनं ठरवलं, शाळेत आठवड्यातून एक अंडं द्यायचं, जो खात नाही त्याला केळं. अंड्यामागं पाच रुपये धरले. त्याच्यावर वाद झाले, पण पोरं खात होती. जानेवारी २०२५ मधे सरकारनं नवा आदेश काढला. अंड्याचा पुलाव, गोड खिचडी, नाचणी सत्व हे पाहिजे असेल तर लोकसहभागातून करा, आम्ही वेगळे पैसे देणार नाही. साखरेलाही नाही.

लोकसहभाग. किती गोड शब्द आहे. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून गेला, तो बांधताना कोणी म्हणलं का, पैसे कमी आहेत, लोकसहभागातून सिमेंट आणा? मंत्रालयात चहा लोकसहभागातून येतो काय? लोकसहभाग फक्त पोराच्या अंड्याला.

अन् त्यातली खरी मेख पाहा. ज्या गावाला धरणाचं पाणी आहे, ज्या गावात चार नोकरदार आहेत, तिथं वर्गणी जमेल अन् पोरं अंडं खातील. संग्रामपूर-जळगाव जामोदच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी जी आदिवासी पाडं आहेत, जिथली माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला अन् वीटभट्टीला जातात, तिथं वर्गणी कोण देईल? ज्या पोराला सगळ्यात जास्त गरज, त्याच्याच ताटात अंडं नाही. तमिळनाडूत शाळेच्या पोराला आठवड्याचे पाचही दिवस अंडं मिळते. कर्नाटकात दोन दिवसांचं सरकार देते अन् बाकीच्या चार दिवसांचं एका मोठ्या उद्योगपतीच्या फाउंडेशननं २०२४ पासून उचललं. आपला महाराष्ट्र आठवड्याचं एक देत होता, ते पण झेपलं नाही.

आता माळकरी मंडळी माझ्यावर रुसतील. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मी तेवीस वर्षं अंडं खाल्लं नाही, पुढं खाणार नाही. पण माझी माळ माझ्या गळ्यात आहे, ती मी शेजारच्या मजुराच्या पोराच्या गळ्यात बांधू शकत नाही. त्याचा बाप घरी खातो, महिन्यातून एकदा आणू शकतो, रोज आणू शकत नाही. ज्याला चालत नाही त्याला केळं द्या, शेंगदाण्याचा लाडू द्या, भिजवलेला हरभरा द्या. पंगतीत भेद नको म्हणता, मग एकादशीला आपण साबुदाणा खातो अन् बाकीचे भाकरी खातात तेव्हा भेद होत नाही काय?

सरकारला बोललो, आता आपल्याकडं वळतो.

आमच्या शाळेच्या फाटकापासून तीस पावलांवर दुकान आहे. २०२० च्या केंद्राच्या नियमानं शाळेच्या आवारात अन् फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, तेलाचे पदार्थ विकता येत नाहीत. दुकानदाराला मी दोष देत नाही, त्याचंही पोट आहे, अन् आपण घेतो म्हणून तो ठेवतो. मी एक दिवस पारावर बसून मोजलं. मधल्या सुट्टीत ४१ पोरं दुकानावर आली. कोणी कुरकुऱ्याचं पाकीट, कोणी लाल-पिवळी पेप्सीची नळी, कोणी क्रीमचं बिस्कीट. धरा दहा-दहा रुपये. ४१० रुपये रोजचे. २०० दिवसांचे ८२ हजार. ८६ पोरांना आठवड्याला एक अंडं, वर्षाचे ४० आठवडे, सात रुपये भाव धरला तरी २४ हजार ८० रुपये होतात.

ही दहाची नोट कोण देतं? मायबाप देतात. मी पण दिली आहे. सकाळी मजुरीला जायची घाई, पोट्टं रडते, डबा करायला वेळ नाही, दे दहा रुपये. सरकार पहिली ते पाचवीच्या पोरामागं डाळ, तेल, तिखट-मीठ, भाजी, सरपण या सगळ्याला मिळून रोज ६ रुपये ७८ पैसे देते, तांदूळ तेवढा वेगळा. हा दरही मे २०२५ मधे वाढवला तेव्हाचा. सरकारच्या ६ रुपये ७८ पैशाला आपण शिव्या देतो, अन् आपले स्वतःचे दहा रुपये हवा भरलेल्या पाकिटात घालतो. त्या पाकिटात अर्धी हवा असते, बाकी मीठ-तेल.

आणखी एक लाज आपल्यालाच वाटते. शेगावला गेलो की महाराजांना पिठलं-भाकरी अन् अंबाडीची भाजी भक्तीनं दाखवतो. अन् पोरानं डब्यात भाकरी नेली की म्हणतो, "काऊन रे, बिस्कीट नेत जा ना, लोक काय म्हणतील?" आमच्या लहानपणी शाळेत सुकडी मिळायची. खिशात भरून घरी आणायचो अन् बहिणीला द्यायचो. चव काही विशेष नव्हती, पण ती कोणाची कमीपणाची गोष्ट नव्हती. भाकरी गरिबाची अन् पाकीट श्रीमंताचं, हे आपल्या डोक्यात कोणी घातलं, त्याचा विचार करा. टीव्हीवर पाकिटाची जाहिरात येते, ज्वारीची येत नाही.

दुरून येणाऱ्या अन्नाचं काय होते ते आपल्या जिल्ह्यानं नुकतंच पाहिलं. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मधे शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस पुंजक्यानं गळायला लागले, तीन दिवसांत टक्कल. कॉलेजच्या पोरी डोक्याला रुमाल बांधून घरात बसल्या. डॉ. हिंमतराव बावस्करांनी तिथं येऊन नमुने तपासले अन् रेशनवर आलेल्या बाहेरच्या राज्यातल्या गव्हात सेलेनियम फार जास्त असल्याचं सांगितलं. तो शाळेचा आहार नव्हता, रेशनचा गहू होता. पण ज्या भागात आपले बाप-आजे ज्वारी खाऊन जगले, तिथं ज्वारी पेरणं आपण बंद केलं, सोयाबीन धरलं, अन् ताटात काय येते हे आपल्या हातात राहिलं नाही, ही गोष्ट खरी आहे. ज्वारी मी पण बंदच केली होती. पाखरं खातात, कापायला माणूस मिळत नाही, सगळी कारणं मला पाठ आहेत. या वर्षी रब्बीत अर्धा एकर पेरली, घरच्यापुरती.

शाळेत आठवड्यातून दोन दिवस ज्वारीची भाकरी द्या, असं मी समितीच्या बैठकीत मोठ्या तोऱ्यात बोललो. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या बाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, ८६ पोराईच्या भाकरी म्या एकटीनं थापू काय? तुमच्या घरी पाच माणसाईच्या थापाले दोन बाया लागतात."

माझी बोलतीच बंद झाली. या बाईंना महिन्याला २५०० रुपये मानधन आहे, ते पण वर्षातले दहाच महिने, अन् कधी वेळेवर येत नाही. पंचवीस दिवस धरले तर रोजचे शंभर रुपये. आपल्या सोयाबीनमधे खुरपायला आलेल्या बाईला आपण तीनशे देतो अन् ऑटोचं भाडं वेगळं. शंभर रुपयांत चूल पेटवायची, तांदूळ निवडायचा, शिजवायचं, वाढायचं, भांडी घासायची. तिच्याकडून आणखी भाकरीची अपेक्षा करणारा मी कोण? मंत्रालयात ज्यांनी पदार्थांची लांबलचक यादी काढली, त्यांनी एकदा या गंजासमोर उभं राहावं.

मग बाईंनीच वाट काढून दिली. म्हणाल्या, "कण्या करता येतील. गंजात शिजतात, थापाचं काम नाही." ज्वारीच्या कण्या, वरून ताक नाहीतर वरण. ज्यानं खाल्ल्या त्याला माहीत आहे. तांदूळ सोडता येणार नाही, तो सरकारी माप आहे, पण आठवड्यात एक दिवस कण्या जमतात. हिवाळ्यात तुरीच्या सोल्यांची उसळ जमते, हरभऱ्याच्या घुगऱ्या जमतात. शेवग्याची दोन झाडं शाळेत लावली तर पाल्याची अन् शेंगांची सोय होते. परसबाग मागे केली होती, फळ्यावर नाव लिहिलं, फोटो काढला, अन् उन्हाळ्यात बोरला पाणी नाही म्हणून वाळली, उरली ती बकऱ्यांनी खाल्ली. कुंपणाला पैसे नव्हते. शेवग्याला एवढं पाणी लागत नाही म्हणून म्हणतो.

तर मागच्या शनिवारी बैठकीत मी ठरावच मांडला. आम्ही सहा शेतकरी मिळून यंदाच्या तुरीतले प्रत्येकी अर्धा क्विंटल शाळेला देऊ. तीन क्विंटल तुरीची दोन क्विंटलच्या वर डाळ होते. ठेक्याचा माल उशिरा आला तरी ताटात डाळ कमी पडू द्यायची नाही, एवढाच त्याचा उपयोग. दर वर्षी हरिनाम सप्ताहाला आपण दोन हजार माणसांचं गावजेवण घालतो, कोणी एक कट्टा गहू देतो, कोणी डाळ देतो, कोणी हिशोब मागत नाही. ८६ लेकरं तर आपलीच आहेत.

एक जण म्हणाला, "मग हा लोकसहभागच झाला ना? सरकारचं काम तुम्हीच सोपं करून रायले." बरोबर बोलला. मला पण दोन दिवस तेच खटकत होतं. आपण दिलं की सरकार म्हणणार, पाहा, गाव करते. पण डाळीचा ठेका सुधारायची वाट पाहत बसलो तर माझी नात तोवर पाचवी पास होईल. म्हणून ठरावात खाली हेही लिहायला लावलं. एक, ही तूर सरकारनं न दिलेल्या मालाच्या बदल्यात आहे, तिचं वजन अन् किंमत रजिस्टरवर लिहायची. दोन, आठवड्याचं अंडं अन् केळं सरकारनं परत सुरू करावं. तीन, डाळ अन् कडधान्य गावातून, नाहीतर तालुक्यातल्या शेतकरी कंपनीकडून हमीभावानं विकत घ्यायची शाळेला मुभा द्यावी. चार, स्वयंपाकी बाईंचं मानधन किमान मजुरीइतकं करावं अन् महिन्याच्या महिन्याला द्यावं. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, जिल्हा परिषदेला अन् आमदारांना पाठवली. पोचपावती घेतली आहे.

दुकानदाराशी मी वेगळं बोललो. भांडलो नाही. म्हणलं, मधल्या सुट्टीत पाकिटं आत ठेव, फुटाणे, शेंगदाणे, गुळाची चिक्की अन् केळी समोर ठेव. तो म्हणाला, "केळी खराब झाली तर कोण देईल?" पहिला महिनाभर उरलेली केळी मी घेईन म्हणून शब्द दिला. आतापर्यंत दोनदा उरली. पहिल्या वेळी अकरा, दुसऱ्या वेळी चार.

ज्यांच्या गावात शाळा आहे त्यांनी एक काम करा. पुढच्या आठवड्यात एक दिवस साडेबारा-एकच्या सुमारास शाळेत जा. आधी सांगून जाऊ नका. पटावर किती पोरं आहेत ते विचारा, वीसनं गुणा, मोठ्या वर्गाला तीसनं गुणा, अन् गंजात किती डाळ पडली ते पाहा. शिक्षकांशी वाद घालू नका, त्यांच्या हातात फार थोडं आहे. चव घ्या. मग सही करा. आकडा इथं खाली लिहा, गावाचं नाव लिहायची गरज नाही, तालुका लिहिला तरी चालेल.

माझी पाळी गुरुवारी आहे. तराजू घेऊन जाणार आहे. तुरीवर अळी वाढली तर बुधवारी फवारणी घ्यावी लागेल, त्याचं प्रमाण अन् फोटो वेगळे टाकतो.